पिंचो टेकडीवरील बिऱ्हाड

विद्येसाठीं घर सोडावें लागतें, ही गोष्ट आपल्याकडे नवी नाहीं. काशीस जाऊन शास्त्र पढणारा ब्राह्मणपुत्र किंवा पुण्यास वारावर जेवून इंग्रजी शाळेंत जाणारा कोंकणांतला मुलगा आपल्या वाडवडिलांच्या गोष्टींतून आपणांस ओळखीचा आहे. परंतु कलावंताला सरकारी खर्चानें परमुलखांत नेऊन ठेवावें, त्याच्या डोक्यावर छप्पर व पुढ्यांत ताट यांची सोय करावी, आणि ‘आतां तूं मोठा हो’ असें त्यास सांगावें, ही कल्पना निराळी आहे. फ्रेंच सरकारनें तिचा प्रयोग इटलींतील रोम शहरीं आरंभिला, त्याला साडेतीनशें वर्षें उलटून गेलीं. अशा घरांतून खरोखर काय निपजतें, हा प्रश्न केवळ फ्रेंच लोकांचा नाहीं. आपल्या देशांतहि सरकारें व धनिक लोक आतां कलावंतांना वृत्ति देतात, निवास देतात, परदेशीं धाडतात. आणि दिलेल्या पैशाचा मोबदला काय आला, असें वर्षअखेर विचारतातहि. या विचारण्यांत कितपत अर्थ आहे हें ज्यांना पारखून घ्यावयाचें असेल, त्यांनीं रोममधील त्या जुन्या घराचा इतिहास अवश्य चाळावा. तो आम्ही येथें थोडक्यांत सांगणार आहों.

सन १६६६ मध्यें फ्रान्सचा राजा चौदावा लुई याचा प्रधान कोल्बेर यानें रोम येथें फ्रेंच अकादमीची स्थापना केली. शार्ल एरार हा चित्रकार तिचा पहिला संचालक. बारा तरुण तेथें ठेवावयाचे असें ठरलें: सहा चित्रकार, चार मूर्तिकार व दोन वास्तुशिल्पी. ते फ्रेंच असावेत व कॅथॉलिक पंथाचे असावेत. पहाटे उठावें, रात्रीं दहाला निजावें, प्रार्थना चुकवूं नये, असा एखाद्या मठाला शोभेल असा नियम होता. कलेचा अभ्यास म्हणजे काय, याविषयीं कोल्बेरच्या मनांत तिळमात्र संशय नव्हता. रोममध्यें जें जें सुंदर आहे त्याची हुबेहूब नक्कल करावी आणि ती फ्रान्सला पाठवावी, हा अभ्यास. प्राचीन मूर्तींच्या संगमरवरी प्रतिकृति आणि राफाएलप्रभृति थोर चित्रकारांच्या कृतींच्या नकला राजाच्या वाड्यांकरितां व व्हर्सायच्या बागेकरितां हव्या होत्या. म्हणजे संस्थेच्या जन्मकाळीं हिशेब अगदीं चोख होता. तरुणांना अन्न द्यावें आणि त्यांच्याकडून मूर्ति घ्याव्या. हात घडले तर उत्तम. न घडले तरी बाग सजलीच.

पुढें १७२५ सालीं संस्थेचें बिऱ्हाड कोर्सो रस्त्यावरील मांचिनी वाड्यांत गेलें. तें राज्यक्रांतीच्या वादळांत मोडलें. १७९३ च्या जानेवारींत, पॅरिसमध्यें सोळाव्या लुईचा खटला चालू असतां, रोममधील जमाव फ्रेंचांवर उठला. बासव्हिल नांवाचा फ्रेंच प्रतिनिधि त्या दंग्यांत मारला गेला आणि मांचिनी वाड्यावर जमावानें हल्ला केला. तेथील तरुणांना शहर सोडावें लागलें. आपण येथें कलेच्या निमित्तानें आलों आहों, राजकारणाशीं आपला संबंध नाहीं, असें परदेशांत राहणारा कलावंत मनांत म्हणत असतो. पण ज्याच्या खजिन्यांतून त्याचें ताट येतें त्याचें निशाण त्याच्या दारावर लागलेलेंच असतें, आणि जमाव तें निशाण पाहतो.

दहा वर्षांनीं, १८०३ मध्यें, बोनापार्टच्या अमदानींत संस्थेनें पुन्हा संसार थाटला तो पिंचो टेकडीवरील व्हिला मेदिची या वाड्यांत. वाडा सोळाव्या शतकांतला. फेर्दिनांदो दे मेदिची या धर्माधिकाऱ्यानें १५७६ सालीं तो विकत घेऊन वाढविला व शोभिवंत केला. स्पेनचा महान् चित्रकार व्हेलास्केथ १६३० मध्यें येथें उतरला होता. १६३३ मध्यें धर्मपीठानें दोषी ठरविल्यावर गॅलिलिओलाहि कांहीं दिवस याच वाड्यांत ठेवलें होतें. इमारतीची शहराकडील बाजू उंच, सपाट व कठोर आहे; बागेकडील बाजू मात्र प्राचीन शिल्पपट्टांनीं मढविलेली आहे. माथ्यावर दोन मनोरे, मागें दाट झाडी, आणि शहरावरून नजर टाकली तर दूरवर सेंट पीटरच्या देवळाचा घुमट. एकंदरींत स्वर्गसुखाची जागा, असें कोणासहि वाटावें. परंतु या स्वर्गांत नव्यानें आलेल्यांपैकीं कित्येकांचे पहिले महिने अत्यंत दुःखांत गेले, असें त्यांचीं पत्रें व आठवणी सांगतात. हें दुःख कसलें होतें, तें पाहूं लागलें म्हणजे या संस्थेचें मर्म हातीं येतें.

प्रथम या घरांत शिरण्याची वाट कशी होती तें सांगितलें पाहिजे. दरसाल पॅरिसमध्यें ‘रोमचें पारितोषिक’ या नांवाची स्पर्धा होई. चित्र, मूर्ति, वास्तु, आणि १८०३ पासून संगीत, अशा शाखांत जो पहिला येई त्यास रोमला धाडीत. तो फ्रेंच असावा, तिशीच्या आंतला असावा व अविवाहित असावा. स्पर्धेच्या अखेरच्या फेरींत उमेदवारांना एकेका लहानशा खोलींत कोंडून नेमून दिलेल्या विषयावर काम करवीत. विषय बहुधा ग्रीक-रोमन पुराणांतला किंवा बायबलांतला असे. वर्षामागून वर्षें या कोंडवाड्यांत बसून कित्येकांचें तारुण्य खर्ची पडे. जिंकलेला तरुण आल्प्स पर्वत ओलांडून रोमला येई, तेव्हां तो एका प्रवासाच्या शेवटाला येऊन पोंचलेला असे. आणि येथें आल्यावर त्याला सांगण्यांत येई कीं, तुझा आरंभ आतां व्हावयाचा आहे.

वाड्यांत त्याला खोली मिळे, जेवणाच्या लांब मेजावर जागा मिळे. भोजनगृहाच्या भिंतींवर पूर्वीं राहून गेलेल्यांचीं चित्रें ओळीनें लावलेलीं असत. नव्या माणसाचेंहि चित्र कोणी सोबती रंगवी आणि तें त्या ओळींत जाई. संगीतकार बर्लिओझ याचें सिन्योलनें १८३२ सालीं काढलेलें चित्र अद्याप त्या वाड्यांत आहे. या मंडळींत चेष्टामस्करी पुष्कळ चाले. पण दरवर्षींचें एक ऋण मात्र डोक्यावर असे. ठरवून दिलेलें काम पूर्ण करून तें पॅरिसला पाठवावें लागे. चित्रकारानें अभ्यासाचीं चित्रें, मूर्तिकारानें मूर्ति, वास्तुशिल्प्यानें एखाद्या जुन्या देवालयाचीं मापें घेऊन त्याचे नकाशे, संगीतकारानें धर्मसंगीत किंवा तत्सम रचना. पॅरिसमधील वृद्ध पंडित तीं पाहून अहवाल लिहीत. कोल्बेरच्या बागेसाठीं मूर्ति पाठविण्याचा काळ गेला होता; पण घेणें-देणें संपलें नव्हतें. आतां मूर्तीऐवजीं प्रगति पाठवावी लागे, एवढाच काय तो फरक.

या घरांत तिघेजण तीन रीतींनीं राहिले. एकजण असा रुळला कीं परत जाईना. दुसरा रुळला न रुळला असा राहिला. तिसरा अखेरपर्यंत उपराच राहिला. तिघेहि आपापल्या कलेंत पहिल्या पंक्तीचे ठरले. म्हणून त्यांची तुलना बोधप्रद आहे.

पहिला चित्रकार आंग्र. १७८० सालीं जन्मलेल्या या तरुणानें १८०१ मध्येंच पारितोषिक जिंकलें होतें. पण सरकारची तिजोरी युद्धांनीं रिकामी असल्यामुळें त्याला पांच वर्षें पॅरिसमध्यें वाट पाहावी लागली. १८०६ च्या शरदांत तो निघाला. त्याच वेळीं पॅरिसच्या प्रदर्शनांत त्याचें सिंहासनावरील नेपोलियनचें चित्र व इतर व्यक्तिचित्रें लागलीं होतीं. तो रोमला पोंचतो न पोंचतो तोंच मागून टीकेचीं पत्रें आलीं. त्याचें चित्रण मध्ययुगीन व जुनाट वळणाचें आहे, असें म्हणून टीकाकारांनीं त्याची टर उडविली होती. परमुलखांत, ओळखीचें माणूस जवळ नसतां, स्वदेशांतील निंदा वाचावयाची, आणि उत्तर द्यावयास तोंड नाहीं, अशी ती स्थिति होती. पॅरिसला त्याचें लग्न ठरलें होतें. मुलीच्या माणसांना तो परत हवा होता. आंग्र परत गेला नाहीं, आणि तें लग्न मोडलें. बागेच्या कडेच्या एका लहान मंडपांत त्यानें चित्रशाळा मांडली आणि कामाला लागला.

१८०८ सालीं त्यानें पॅरिसला जीं चित्रें पाठविलीं त्यांत पाठमोऱ्या स्नानमग्न स्त्रीचें एक चित्र आणि स्फिंक्ससमोर उभ्या राहिलेल्या ईडिपसचें दुसरें, हीं होतीं. आज दोन्ही लूव्र संग्रहालयाचीं भूषणें गणलीं जातात. १८११ मधील ‘ज्युपिटर आणि थेटिस’ या शेवटच्या मोठ्या चित्राविषयींहि पॅरिसच्या पंडितांचें मत प्रतिकूल पडलें. वृत्तीची मुदत संपली होती. तरीहि तो रोममध्येंच राहिला. १८१५ मध्यें नेपोलियनचें राज्य गेलें, त्याबरोबर फ्रेंच अधिकारी गेले आणि आंग्रचीं गिऱ्हाइकें गेलीं. मग रोम पाहावयास येणाऱ्या इंग्रज प्रवाशांचीं पेन्सिलीनें चित्रें काढून त्यानें प्रपंच चालविला. या कामाची त्याला लाज वाटे. परंतु तीं रेखाचित्रें पाहून आजचे जाणकार माना डोलवितात. रोम व नंतर फ्लॉरेन्स मिळून अठरा वर्षें काढल्यावर १८२४ मध्यें तो पॅरिसला परतला, तेव्हां त्याची एकाएकीं वाहवा झाली. सरकारनें त्याला चार-पांच वर्षांसाठीं पाठविलें होतें. जें पिकलें तें पिकावयास त्याच्या चौपट काळ लागला. वर्षअखेरचे अहवाल लिहिणाऱ्यांनीं हें ध्यानांत ठेवण्याजोगें आहे.

दुसरा बर्लिओझ. पारितोषिकासाठीं याला पुनःपुन्हा स्पर्धेस बसावें लागलें. अखेर १८३० च्या जुलैमध्यें, बाहेर पॅरिसच्या रस्त्यांत क्रांतीच्या बंदुका वाजत असतां, कोंडलेल्या खोलींत रचना पुरी करून त्यानें तें पटकाविलें. पण आतां त्याला रोमला जावयाचें नव्हतें. त्याची ‘फँटास्टिक सिंफनी’ डिसेंबरांत पॅरिसमध्यें वाजली होती, कामीय मोक नांवाच्या पियानोवादक तरुणीशीं त्याचा विवाह ठरला होता, आणि वाद्यसंगीताच्या दृष्टीनें त्याला रोम म्हणजे ओसाड रान वाटत होतें. त्यानें सूट मागितली. ती मिळाली नाहीं. जो इटलीबाहेर पाऊल टाकील त्याची वृत्ति बंद, असा नियमच होता.

१८३१ च्या मार्चमध्यें तो वाड्यांत दाखल झाला. पॅरिसहून पत्र येईना म्हणून पंधरवडाभरांत अस्वस्थ होऊन निघाला. फ्लॉरेन्स येथें त्याला पत्र मिळालें तें मुलीच्या आईचें. मुलगी प्लेयेल नांवाच्या पियानोच्या कारखानदाराला दिली, असा त्यांत मजकूर होता. बर्लिओझनें पिस्तुलें घेतलीं, मोलकरणीचा वेष घेतला, आणि त्या तिघांचा व शेवटीं आपला प्राण घ्यावयाचा असा बेत करून तो फ्रान्सच्या वाटेला लागला. वाटेंत रागाचा कढ ओसरला. नीस हें गांव तेव्हां सार्डिनियाच्या राज्यांत होतें, म्हणजे नियमाच्या दृष्टीनें इटलीची वेस अद्याप ओलांडली नव्हती. त्यानें संचालकाला पत्र लिहिलें. संचालक ओरास व्हेर्ने हा स्वतः चित्रकार, मनानें उदार. त्यानें या तरुणाचें नांव पटावरून काढलेलें नव्हतें. नीसच्या समुद्रकांठीं राहून बर्लिओझनें ‘किंग लिअर’ची प्रस्तावना-रचना केली आणि मग मुकाट्यानें तो वाड्यांत परतला.

आमच्या मतें त्या वर्षांतील सर्वांत थोर कृत्य व्हेर्नेचें होतें. नियमाचा कागद पुढें ठेवून त्यानें नांव खोडलें असतें, तर त्याला कोणी दोष दिला नसता. पण तरुण कलावंत परदेशीं आला म्हणजे त्याचें मन मागें राहिलेलें असतें आणि शरीर पुढें आलेलें असतें. तीं दोन्ही एके ठिकाणीं येईपर्यंत जो थांबतो तोच खरा यजमान, हें त्या माणसाला कळत होतें.

वाड्याचें सुख मात्र बर्लिओझला कधीं मानवलें नाहीं. त्याला ती सैनिकांची बराक वाटे. तो बंदूक व गिटार घेऊन सुबियाकोकडील डोंगरांत निघून जाई, खेड्यांतील लोकांत बसे, त्यांचीं गाणीं ऐके. मुदत पुरी होण्यापूर्वींच, १८३२ च्या मे महिन्यांत, परवानगी काढून त्यानें रोम सोडलें. पण पुढें दोन वर्षांनीं त्यानें ‘हॅरल्ड इन इटली’ रचली तेव्हां तिच्यांत ते डोंगर व ते डोंगरी लोक उतरले. १८४४ मध्यें ‘रोमन कार्निव्हल’ आली. रोममध्यें असतांना मात्र त्यानें पॅरिसच्या पंडितांना काय पाठविलें? स्वतःच त्यानें आपल्या आठवणींत सांगितलें आहे कीं, विद्यार्थिदशेंत रचलेल्या आणि पॅरिसच्या देवळांत पूर्वींच वाजून गेलेल्या एका धर्मसंगीताचा भाग त्यानें नवा म्हणून धाडला. पंडितांनीं तो पाहिला, त्यांत त्यांना लक्षणीय प्रगति दिसली, आणि तिचें श्रेय त्यांनीं रोमच्या वास्तव्याला दिलें! हंसूं येतें खरें. परंतु हंसून झाल्यावर विचार करावा, कीं ज्यांना पेरणीपूर्वींचें धान्य आणि नंतरचें पीक यांतला भेद ओळखतां येत नाहीं, त्यांच्या हातीं मोजमाप कशाला?

बर्लिओझ गेल्यावर तीन वर्षांनीं त्याच वाड्यांत संचालक म्हणून आला तो आंग्र. १८३४ च्या प्रदर्शनांत त्याच्या एका मोठ्या चित्राचा अनादर झाला, तेव्हां रागावून त्यानें रोमचें पद मागून घेतलें. ज्या घरांत तो तरुणपणीं निंदेचीं पत्रें वाचीत बसला होता, त्या घराचा आतां तो कुलपति झाला. १८३७ मध्यें रोममध्यें पटकीची सांथ आली, तेव्हां तो आपल्या तरुणांना सोडून गेला नाहीं. सायंकाळीं सर्वांना जमवून वाचन व संगीत चाले. तो स्वतः व्हायोलिन वाजवी. १८३९ चा विजेता संगीतकार गुनो तेथें आला तेव्हां त्याच्यावर या वृद्धाची विशेष माया जडली. मतांच्या बाबतींत आंग्र हट्टी होता. राफाएलविरुद्ध शब्द खपवून घेत नसे. तथापि घर कसें चालवावें हें त्याला कळत होतें, कारण त्या घरांत तो स्वतः एकटा राहिला होता.

तिसरा देब्युसी. १८८४ सालीं एकवीस वर्षांच्या या तरुणाला संगीताचें पारितोषिक मिळालें. ती बातमी कानीं पडली त्या क्षणीं आपला आनंद नाहींसा झाला, कारण आपण आतां स्वतंत्र राहिलों नाहीं हें आपणांस कळून चुकलें, असें त्यानें पुढें लिहिलें आहे. १८८५ च्या आरंभीं तो रोमला आला. पॅरिसमध्यें एका विवाहित स्त्रीवर त्याचें प्रेम होतें, आणि आपल्या उदासीनतेचीं लांबलचक पत्रें तो लिही तीं त्या स्त्रीच्याच पतीला, कारण तो गृहस्थ त्याचा हितचिंतक होता! खोली, हवा, सोबती, सगळ्याविषयीं तक्रार. एवढ्या मोठ्या वाड्यांत त्याच्या पोटांत घांस उतरत नव्हता, असें म्हटलें तरी चालेल. परंतु याच काळांत सांता मारिया देल्ल’आनिमा या देवळांत त्यानें पालेस्ट्रीना व लास्सुस या सोळाव्या शतकांतील आचार्यांचें धर्मसंगीत ऐकलें, आणि केवळ स्वरांच्या गुंफणीनें केवढें कार्य होतें हें पाहून तो थक्क झाला. १८८६ मध्यें वृद्ध लिस्टचें वादनहि त्यानें येथें ऐकलें. दोन वर्षें भरतांच, १८८७ च्या मार्चमध्यें, तो पॅरिसला पळाला.

त्यानें पाठविलेली ‘वसंत’ ही रचना पाहून पंडितांनीं अहवालांत त्याला सावध केलें कीं, या अस्पष्ट छायारंगी वृत्तीपासून दूर राहावें, ती सत्याची शत्रु आहे. पुढें ज्या गुणामुळें देब्युसी हा देब्युसी ठरला, तोच गुण त्यांना रोग वाटला. बर्लिओझचें जुनें काम त्यांना प्रगति वाटली. देब्युसीची खरी प्रगति त्यांना अधोगति वाटली. दोन्ही निकाल प्रामाणिकपणें दिले होते, हें विशेष.

येथें एक आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. देलाक्र्वा, कूर्बे, माने हे चित्रकार या वाड्यांत कधीं वृत्तीवर राहिले नाहींत; तरी एकोणिसाव्या शतकाची फ्रेंच चित्रकला त्यांच्याचमुळें ओळखली जाते. मूर्तिकार रोदँ याला तर पॅरिसच्या कलाशाळेंतच प्रवेश मिळाला नाहीं. संगीतकार राव्हेल पांच वेळां स्पर्धेस बसला. १९०५ मध्यें तो पहिल्याच फेरींत गळाला. त्या वर्षींच्या अखेरच्या फेरींतील सगळे उमेदवार एकाच परीक्षकाचे शिष्य निघाले, वर्तमानपत्रांत गदारोळ झाला आणि संगीतशाळेच्या मुख्याला पद सोडावें लागलें. मग या घरानें केलें काय? आम्ही म्हणूं, घरानें कोणालाहि मोठें केलें नाहीं. त्यानें कांहीं जणांना कांहीं वर्षें भाकरीच्या काळजींतून सोडविलें आणि त्यांच्या सवयींपासून तोडलें, एवढेंच. जे मोठे झाले ते बहुधा नियम वांकवून झाले. मूर्तिकार कार्पो यानें वाड्यांतील नियम व संचालकाचा विरोध बाजूला सारून डान्टेच्या काव्यांतील उगोलिनो व त्याचीं भुकेलीं मुलें यांचा पांच आकृतींचा समूह घडविला; त्या कामावरच त्याची कीर्ति उभी राहिली. परंतु वांकवावयाला नियम आणि घडवावयाला वेळ, दोन्ही त्याला त्याच घरानें दिलीं, हेंहि विसरतां येत नाहीं.

दार कोणासाठीं उघडें होतें, हाहि प्रश्न आहेच. स्त्रियांना या स्पर्धेंत भाग घेण्याची मुभा १९०३ मध्यें मिळाली. १९११ सालीं ल्युसिएन ह्युव्हेलमांस हिनें मूर्तिकलेंत पहिलें पारितोषिक मिळविलें. १९१३ सालीं लिली बूलांझे हिनें वयाच्या एकोणिसाव्या वर्षीं संगीतांत तें मिळविलें. तिची प्रकृति लहानपणापासून क्षीण. १९१४ च्या वसंतांत ती वाड्यांत आली आणि त्याच उन्हाळ्यांत महायुद्धाचा भडका उडाल्यामुळें बिऱ्हाड विस्कटलें. ती घरीं बसून रडली नाहीं. वडील बहीण नाद्या हिच्यासह तिनें रणांगणावर गेलेल्या संगीतकारांना मदत व पत्रें पोंचविण्याचें काम अंगावर घेतलें. १९१६ मध्यें ती पुन्हा कांहीं महिने रोमला आली, आणि बायबलांतील स्तोत्रांवरील आपल्या रचनांना लागली. १५ मार्च १९१८ रोजीं, चोविसाव्या वर्षीं, तिचें निधन झालें. ज्यांना वर्षांमागून वर्षें मिळालीं त्यांनीं तक्रारी केल्या. जिला महिने मोजून मिळाले तिनें त्यांचें सोनें केलें. जवळजवळ अडीच शतकें पुरुषांनीं मिळविलेल्या वेळेंतून तिच्या वांट्याला एवढाच आला, ही गोष्ट तो इतिहास वाचतांना मनाला लागल्यावांचून राहत नाहीं.

या सर्वांचा आपल्याशीं संबंध दिसतो त्याहून जवळचा आहे. १८५७ सालीं निघालेल्या मुंबईच्या सर जमशेटजी जिजीभाई कलाशाळेंत आपल्या मुलांनीं ग्रीक व रोमन मूर्तींचे प्लास्टरचे नमुने पुढें ठेवूनच हात बसविला. ती शिक्षणाची रीत रोमची वाट चालूनच युरोपभर पसरली होती. १८९६ मध्यें गणपतराव म्हात्रे यांनीं विद्यार्थी असतांनाच ‘मंदिरपथगामिनी’ घडविली. रोम न पाहतां रोमचें जें घ्यावयाचें तें त्यांनीं घेतलें, आणि मूर्ति मात्र लुगडें नेसून देवळाकडे चाललेल्या आपल्या घरच्या स्त्रीची केली. याच शाळेंत १९४३ ते १९४७ पर्यंत शिकलेले चित्रकार सय्यद हैदर रझा १९५० मध्यें फ्रेंच सरकारची वृत्ति घेऊन पॅरिसला गेले. वृत्ति संपली, ते आंग्रप्रमाणें तेथेंच राहिले, ते थेट साठ वर्षें. १९५६ सालीं तेथील समीक्षकांचें पारितोषिक त्यांना मिळालें. आरंभीं त्यांच्या चित्रांत फ्रान्समधील गांवें व चर्चें येत. उतारवयांत तेथेंच बसून त्यांनीं जो ‘बिंदू’ रंगविला, तो मध्यप्रांतांतील जंगलाशेजारच्या शाळेंत गुरुजींनीं भिंतीवर काढून दिलेल्या ठिपक्याच्या आठवणींतून आला, असें ते सांगत. वृत्ति देणाऱ्या सरकारनें कांहीं हा ठिपका मागितला नव्हता. मागितला असता, तर तो मिळालाहि नसता.

रोमची जुनी स्पर्धा १९६८ च्या विद्यार्थी-चळवळीनंतर बंद झाली. वाडा चालू आहे. चित्रकार बाल्थ्यूस १९६१ पासून १९७७ पर्यंत संचालक होता. त्यानें इमारतीचा जीर्णोद्धार केला. आतां कोंडवाडे नाहींत, लग्नाची आडकाठी नाहीं, फ्रेंच असण्याची अट नाहीं. दरसाल सुमारें सोळा जणांना निवडून बहुधा एक वर्षासाठीं ठेवतात, आणि त्यांत लेखक, छायाचित्रकार, चित्रपटकारहि असतात. स्पेननें १८७३ मध्यें, अमेरिकेनें १८९४ मध्यें, ब्रिटननें १९०१ मध्यें रोमलाच आपापलीं घरें थाटलीं. जर्मनांचें तेथेंच निराळें आहे. कल्पना रुजली, एवढें निश्चित.

आमचें मत असें कीं, या इतिहासानें दोन गोष्टी शिकविल्या. पहिली, कलावंतानें ध्यानीं धरावयाची: परदेशांतील पहिले कडू महिने हा अपशकुन नव्हे. आंग्रची निंदा, बर्लिओझचा संताप, देब्युसीचा कंटाळा, यांवांचून त्यांचें रोम पुरें झालें नसतें. जुनी संवय सुटलेली आणि नवी न लागलेली, या मधल्या उघड्या जागेंतच कान व डोळे सर्वांत तीक्ष्ण असतात. दुसरी गोष्ट दात्यांनीं लक्षांत घ्यावयाची. सरकारचा पैसा लोकांचा असतो, म्हणून हिशेब विचारूंच नये असें आम्ही म्हणत नाहीं. निवड निःपक्षपातानें झाली कीं नाहीं, खोलीला उजेड आहे कीं नाहीं, ताट वेळेवर मिळतें कीं नाहीं, पडलेल्या माणसाला हात देणारा एखादा व्हेर्ने दाराशीं आहे कीं नाहीं, याचा हिशेब कडकपणें घ्यावा. पण तो हिशेब घराचा झाला. जो आंत राहतो त्याच्या मनांत काय उगवतें आहे, त्याचा हिशेब त्याच्या मुदतींत कोणाला लागलेला नाहीं. कोल्बेरच्या प्रधानकीला लागला नाहीं, पॅरिसच्या पंडितांना लागला नाहीं. तो आमच्याकडील कचेऱ्यांना वर्षअखेरच्या तक्त्यांत लागेल, अशी अपेक्षा धरणें व्यर्थ होय. घर द्यावें, वेळ द्यावा, आणि पिकाची वाट पाहण्याइतका धीर आपल्या अंगीं असेल, तरच दाता म्हणवून घ्यावें.